गल्लीचा कॅन

चौऱ्याण्णवाचे एकसष्ट कोणी केले, एवढंच गोठेवाल्याला हवं होतं. माणूस समोर आणा, बाकीचं मी बघतो, असं तो सकाळपासून म्हणत होता. ऐकायला गाईंशिवाय कोणी नव्हतं, आणि गाईंना त्या उन्हाळ्यात वैरणीशिवाय दुसऱ्या कशात रस उरला नव्हता.

बातमी पोरीने दिली ती तांबडीच्या कासेखाली बसून. प्रवेशाची यादी पहाटेच लागणार असं कळलं होतं, म्हणून मोबाइल तिने गव्हाणीच्या कठड्यावर उभा करून ठेवला होता. यादी उघडली तेव्हा बादली अर्धी भरली होती. तिने ओले हात अंगातल्या जुन्या शर्टाला पुसले, वाचलं, पुन्हा वाचलं आणि परत कासेला हात घातला. गाय काही अर्धी सोडता येत नाही.

"लागली का गं यादी?" बापाने दुसऱ्या टोकाहून विचारलं.

"लागली."

"मग बोल की. तोंडात काय धरलंयस?"

"पशुपालनात एकसष्ट धरलेत."

"चौऱ्याण्णव."

"शाळेच्या कागदावर चौऱ्याण्णव. यादीत एकसष्ट. स्केलिंग करून." तिचा आवाज गाईच्या पोटाला अडून येत होता. "मी लागले नाही, बाबा. जागा संपतात त्याच्या फार खाली आहे माझा नंबर."

बापाच्या हातातलं खोरं तसंच राहिलं. या पोरीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. कालपरवाचं खूळ नव्हतं ते. लहान असताना, गाय विताना पाय अडकलेलं वासरू तिच्या डोळ्यांदेखत मेलं, डॉक्टर आला तो मेल्यावर, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी शाळेत विषय निवडायची वेळ आली, तेव्हा बापानेच ठरवून टाकलं होतं. जनावरांची डॉक्टरकी करायची तर जनावरांचाच विषय घ्यायचा, यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे? पोरगी तेव्हा वरच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसली होती आणि तिला ते आवडलंही होतं. गणिताच्या बाई घरापर्यंत आल्या, म्हणाल्या, हिला काढू नका. बापाने त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "बाई, गाईला ताप आला तर तुमचं गणित काय करतं?" बाई चहा संपवून गेल्या, आणि बापाने तेच उत्तर धरलं.

आता सूर्य वर आला, पत्रा तापायला लागला. पोरीने बादली कॅनमध्ये रिकामी केली, झाकण ठोकून बसवलं. रडली नाही. बापाला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या कॅनबद्दल आत्ताच सांगून टाकायला हवं, कारण गल्लीत गोठेवाल्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे, "वेगळा" म्हणत. गल्लीतल्या बाकीच्यांकडे एखाददुसरीच गाय. त्यांचं थोडं थोडं दूध डेअरीत एकाच मोठ्या कॅनमध्ये ओतलं जाई. डेअरीचा माणूस त्या कॅनमधून एकच नमुना काढी, मशीनमध्ये फॅट बघे, आणि जो आकडा येईल तो भाव सगळ्यांना. या माणसाला सगळे लॅक्टो म्हणत, कारण त्याच्या शर्टाच्या खिशात लॅक्टोमीटर अडकवलेला असे. पूर्वी गोठेवालाही त्याच कॅनमध्ये ओतायचा. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं की आपण पेंड चारून दूध घट्ट करायचं आणि दुसऱ्याने नळाखाली भांडं धरायचं, भाव मात्र दोघांना एकच. त्याने भर डेअरीत सगळ्यांना पाणीचोर म्हटलं, स्वतःचा कॅन आणला, त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला आणि त्या दिवसापासून तो वेगळ्या रांगेत उभा राहायला लागला. त्या रांगेत तो एकटाच असे. सगळ्यांत वरचा भाव त्याचा, आणि तो कानावर पडेल अशा आवाजात वाचून घ्यायची त्याला सवय लागली होती.

त्या सकाळी त्याने भाव विचारलाच नाही. लॅक्टोने आपणहून सांगितला, तरी तो रस्त्याकडे बघत राहिला. गल्लीच्या रांगेत एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. बातमी दुधाच्या आधी पोचली होती.

घरी परत आला तेव्हा भिंतीपलीकडे हसणं ऐकू आलं. भिंतीपलीकडे थोरल्या भावाचं घर. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्याने पिठाची गिरणी घेतली आणि धाकट्याला गोठा दिला. दिला म्हणजे, शेणाचा वास नको म्हणून सोडला. थोरल्याचा मुलगा पोरीच्याच वर्षाचा. त्याने शहरातल्या शाळेत वरचं गणित घेतलं होतं. सत्तावन्न पडले तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नव्हतं. आता त्या सत्तावन्नाचे अठ्ठ्याहत्तर झाले होते. बाकीच्या विषयांत दोघंही उन्नीस-वीस. इंजिनिअरिंगला त्याचा नंबर तरीही लागला नाही, पण अर्जात खाली कुठेतरी जनावरांची डॉक्टरकी लिहून ठेवली होती, आणि तिथे तो लागला.

हा मुलगा लहानपणी गोठ्यात पडला होता आणि तेव्हापासून गाय दिसली की रस्ता बदलायचा.

गोठेवाला हातपाय न धुता गिरणीत गेला. गिरणी चालू होती. पट्ट्याच्या फडफडाटात थोरला पिठाने पांढरा होऊन उभा होता. बायका डबे घेऊन भिंतीशी बसल्या होत्या.

"दादा, गिरणी बंद कर."

"दळण अर्धं आहे. बोल तू, ऐकू येतंय."

"तुझ्या पोराने माझ्या पोरीची जागा घेतली."

थोरल्याने हॉपरमध्ये हात घालून धान्य ढकललं. "जागा काय तुझ्या दावणीची आहे, कोणी सोडून न्यायला?"

"त्याला गाईचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळत नाही!"

"शिकेल. त्यासाठीच कॉलेज असतं."

"माझ्या पोरीला चौऱ्याण्णव आहेत."

"होते," थोरला म्हणाला, आणि भिंतीशी बसलेल्या बायकांतली एक खोकल्यासारखं काहीतरी करून हसली. "हे बघ, मी तुला तेव्हाच म्हणालो होतो, तिला गणित सोडायला लावू नकोस. तू मला काय म्हणालास ते मी या बायकांसमोर सांगत नाही."

"त्याला ती जागा सोडायला सांग."

आता थोरल्याने गिरणी बंद केली. एवढी शांतता झाली की पीठ खाली बसताना दिसायला लागलं. "सोडली तरी ती तुझ्या पोरीला मिळत नाही. मध्ये कितीतरी पोरं उभी आहेत. मग सोडायची कशाला? तुला बरं वाटावं म्हणून?" आणि बायकांकडे वळून म्हणाला, "कोणाचं राहिलंय, या पुढे."

गोठेवाल्याच्या केसांवर, भुवयांवर पीठ बसलं होतं. तसाच तो रस्त्याने घरी आला. रस्त्यात बघितलं सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी तो पोरीला घेऊन शाळेत गेला. सुट्टी होती, तरी निकालांच्या कामासाठी मुख्याध्यापक येऊन बसले होते. फाटकाजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पशुपालन, चौऱ्याण्णव, शाळेत पहिली. खडूची फुलंही काढली होती भोवती.

"बघितलात ना फळा?" मुख्याध्यापक खुर्चीतून न उठता म्हणाले. "आमच्यासाठी चौऱ्याण्णवच आहेत. शाळेला अभिमान आहे."

"मग फळा उचलून कॉलेजात नेऊ का?"

मुख्याध्यापकांनी पशुपालनाच्या मास्तरांना हाक मारली. नको असलेला पाहुणा दुसऱ्याच्या घरी पाठवावा तसं बापलेकीला त्यांच्याबरोबर शेजारच्या खोलीत पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मास्तर मवाळ माणूस. अंगावर येणाऱ्याला बघून ते आधी चष्मा काढून पुसत.

"तिच्या पेपरात काही चूक नाही," ते म्हणाले. "तपासणी बरोबर आहे. प्रात्यक्षिकात तर पैकीच्या पैकी दिलेत."

"मग कापले कोणी?"

"कापले असं नाही. त्याचं असं असतं की वेगवेगळी पोरं वेगवेगळे विषय घेतात. आता कोणाच्या गणिताची कोणाच्या पशुपालनाशी तुलना करायची कशी? म्हणून मंडळ बघतं, की एखाद्या विषयाला बसलेली पोरं त्यांच्या बाकीच्या विषयांत कशी आहेत. बाकी सगळीकडे ती हुशार असली, तर मंडळ म्हणतं, इथली शर्यत जोराची होती. मग त्या विषयाचे गुण वर ओढतात. आणि बाकी सगळीकडे आपटलेली असली, तर..."

"तर खाली ओढतात."

"हो."

"पण शर्यत तर हिने जिंकली ना?"

"जिंकली. पण कोणाबरोबर पळाली, ते धरतात."

गोठेवाल्याने टेबलावर मूठ आपटली. "म्हणजे दुसऱ्याच्या पोराने गणितात माती खाल्ली, तर माझ्या पोरीच्या गाईचे गुण कमी? हे कुठल्या शहाण्याने काढलं?"

मास्तरांनी पुन्हा चष्मा पुसला. पोरगी आतापर्यंत खिडकीशी उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "गल्लीचा कॅन."

"काय?"

"बाबा, गल्लीचा कॅन आहे हा. आपलं दूध कितीही घट्ट असलं तरी ज्या कॅनमध्ये ओतलं त्याचा भाव. एवढंच आहे ते."

बाप तिच्याकडे बघतच राहिला. हे त्याला कळलं. जगात दुसरं काही कळलं नसतं तरी हे कळलंच असतं.

"बहुतेक शाळांत हा विषयच नाही," मास्तर आता जरा मोकळेपणाने बोलायला लागले. "मोजक्या चारदोन ठिकाणी आहे, आणि तिथे मुलं अगदी थोडी. आपलाच वर्ग सगळ्यांत मोठा. म्हणजे आपल्या मुलांचा बाकीचा निकाल जसा, तसं सगळ्या विषयाचं वजन. आणि आपल्या मुलांनी बाकी विषयांत... तुम्हाला तर माहीतच आहे आपली मुलं कशी..."

ते थांबले. त्यांनी गोठेवाल्याकडे बघितलं आणि गोठेवाल्याने छताकडे. कालपासून माणूस समोर आणा म्हणणारा बाप एकदम उठला. "चल गं," तो म्हणाला, "गाईंच्या पाण्याची वेळ झाली."

पोरीला वाटलं, बाप हरला म्हणून उठला.

पुढचे दिवस वाईट गेले. ऊन असं की पत्र्याखाली उभं राहिलं तर डोकं गरगरायचं. हिरवी वैरण संपली होती, वाळलेली कुट्टीच्या यंत्रात घालताना धूळ उडून घशात बसायची. पोरगी न बोलता काम करत राहिली. शेण लोटायची, गव्हाणी भरायची, धारा काढायची. तिच्या आईने एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिने पाठ काढून घेतली. आईने तो हात मग पदराला पुसला, जणू ओला होता.

त्यातच एके दिवशी काकू आल्या, मुलाला पुढे घालून. त्याच्या पायात नवे गमबूट होते.

"अगं, जरा याला गाईंजवळ उभं राहायची सवय कर," काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी हात लावायला लावतात म्हणे. तुझं काय, तू तर रोज इथेच असतेस."

पोरीने खोरं भिंतीला टेकवलं. "ये," ती चुलत भावाला म्हणाली. "त्या काळीच्या बाजूला उभा राहा. तिथेच."

तो श्वास धरून उभा राहिला. काळीने मान वळवून बघितलं, शेपटी उडवली आणि पाय झाडला. खूर गमबुटाला चाटून गेला. तो मागे उडाला तो थेट नालीत.

"गाईची लाथ पुढे येऊन बाजूला फिरते," पोरगी म्हणाली. "तू उभा होतास तिथेच लागते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुला अठ्ठ्याहत्तर आहेत."

तो नालीतून उठला. गमबूट शेणाने भरला होता. काकूंचा आवाज चढला होता, पण त्यांच्या वरताण तो बोलला. "मी मागितले नव्हते गं अठ्ठ्याहत्तर. मला जायचंसुद्धा नाही तिथे. बाबांना विचार."

"मीही एकसष्ट मागितले नव्हते. जा आता, माझं काम पडलंय."

त्याच संध्याकाळी दूध घेऊन ती एकटीच डेअरीत गेली. बापाची कंबर धरली होती. वेगळ्या रांगेत तिने कॅन ठेवला. शेजारच्या रांगेत इस्त्रीवाली बाई उभी होती, हातात झाकणाची छोटी बरणी. हिचा मुलगा पशुपालनाच्या वर्गात होता. पाठीमागच्या बाकावर बसायचा, प्रात्यक्षिकाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. बाकीच्या पेपरांत त्याने काय दिवे लावले ते साऱ्या गावाला माहीत होतं.

पोरीला राहवलं नाही. दिवसभर पोटात साचलेलं कुठेतरी जायलाच हवं होतं. "मावशी," ती म्हणाली, "तुमच्या मुलाने साध्या गणिताचा पेपर कोरा दिला म्हणे."

"दिला. मग?"

"त्याला पशुपालन घ्यायला कोणी सांगितलं होतं? त्याच्यासारख्यांनी बुडवलं मला."

इस्त्रीवालीने बरणी खाली ठेवली. दिवसभर कोळशाच्या इस्त्रीपुढे उभं राहून तिचा चेहरा तसाही लाल असे, आता तो आणखी लाल झाला.

"कोणी सांगितलं? तुझ्या बापाने."

"काय?"

"घरी आला होता. मी इस्त्री करत होते, माझ्यासमोर पोराला उभं केलं, दंड दाबून बघितला. म्हणाला, लिहायचं-बिहायचं फारसं काही नाही, माझ्या गोठ्यात यायचं, शेण काढायचं, पास व्हायचं. मी म्हटलं, बरं झालं, एक विषय तरी सुटेल. लोहाराच्या दोघांना त्यानेच नेलं. टेम्पोवाल्याच्या पोराला त्यानेच नेलं. सगळे कसे, दांडगे बघून. दोन वर्षं प्रात्यक्षिकाच्या नावाखाली आमच्या पोरांकडून फुकटात गोठा झाडून घेतला, हात फुटले माझ्या पोराचे. आणि आता त्याने तुला बुडवलं होय गं?"

रांगेतल्या कोणी इस्त्रीवालीला थांबवलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पोरीने लॅक्टोकडे बघितलं, तर तो मशीनचं बटण उगीचच पुसत होता. त्या दोन वर्षांत सकाळी शाळेचा वर्ग गोठ्यात यायचा, मुलं फावड्यांनी गोठा लख्ख करायची, बाप खाटेवर बसून "शाबास रे" म्हणायचा, हे तिने रोज बघितलं होतं. हा वर्ग आला कुठून, हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिला वाटलं होतं, सगळ्यांना गाई आवडतात.

घरी आली तेव्हा बाप ओसरीत कंबरेला शेक घेत पालथा पडला होता. आई वीट तापवून फडक्यात गुंडाळत होती.

"वर्ग तुम्ही भरलात?"

बापाने मान उचलली नाही. "कोण म्हणालं?"

"तुम्ही भरलात का नाही?"

"मुलं कमी पडत होती," तो उशीत तोंड ठेवून म्हणाला. "मास्तर म्हणाले, एवढ्याशा मुलांवर वर्ग होणार नाही, विषय बंद करावा लागेल. मग तू काय घेतलं असतंस? तुझ्यासाठीच दारोदार फिरलो मी. भर उन्हात लोकांच्या पोरांच्या विनवण्या केल्या."

"दंड दाबून?"

आईचा हात थांबला. "दंड दाबून बघितलेत?" तिने विचारलं. "बैल घ्यायला गेला होतात का?"

"तू गप बस. गोठ्यातलं प्रात्यक्षिक आहे, त्याला अंगात जोर लागतो. पुस्तकी पोरं काय करणार तिथे?"

"हुशार मुलं आणली असती तर माझे गुण राहिले असते," पोरगी म्हणाली. "एकही हुशार आणता आलं नाही तुम्हाला?"

"हुशार कोण येतंय शेणात!" बाप ओरडला. कंबरेत कळ आली तसा पुन्हा आडवा झाला.

"मी आले होते," पोरगी म्हणाली.

वीट गार व्हायला लागली होती, पण आईने ती त्याच्या पाठीवर ठेवली नाही, फडक्यासकट जमिनीवर ठेवून दिली आणि आत गेली.

"मी परत बसणार आहे," पोरगी म्हणाली. "पुढच्या वर्षी. वरचं गणित घेऊन. गणिताच्या बाईंकडे जाणार आहे उद्यापासून, सकाळ-संध्याकाळ."

पोरीला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. चुकलं म्हणेल, किंवा नाही म्हणेल, किंवा नुसतं तिचं नाव तरी घेईल. ती वाट बघत उभी राहिली.

"आणि गोठा?" बाप म्हणाला.

सकाळी धारा तिनेच काढल्या. तांबडी, काळी, मग लहान वासरं असलेल्या दोन गाई. दूध कमी झालं होतं, पण उन्हाळ्यात जसं होतं तसं घट्ट होतं, बादलीच्या कडेला साय धरत होतं. बाप कंबर धरून का होईना, आज बरोबर आला. काल डेअरीत काय झालं ते त्याला घरात कळलंच होतं, आणि आपण दिसलो नाही तर लोक काय म्हणतील, ही त्याला काळजी होती. पोरगी सायकल ढकलत होती, लाल पट्ट्याचा कॅन मागे बांधलेला. तो पुढे चालला होता.

डेअरीत रांग लागलेली होती. बापाला बघून कोणीतरी हाळी दिली, "सरका रे, वेगळे आले." रांगेत हसणं पसरलं. बाप त्यांच्याकडे न बघता आपल्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि लॅक्टोला म्हणाला, "आज जरा लवकर बघ आमचं. कंबर धरलीय."

पोरीने दोरी सोडली. कॅन दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. बापाने जागा करून दिली, पण ती त्याच्याजवळ थांबली नाही. ती गल्लीच्या मोठ्या कॅनपाशी गेली, त्याच्या काठावर आपला कॅन टेकवून झाकण उडवलं आणि कॅन वाकडा केला.

"अगं! अगं ए!" लॅक्टो धावला. "तो गल्लीचा आहे, त्यात नाही!"

दूध जाड धारेने पडत राहिलं. तिचा शर्ट पुढून पांढरा झाला होता, पण तिने शेवटपर्यंत ओतलं आणि तळ उलटा करून झटकला. इस्त्रीवालीची बरणी हातात तशीच राहिली.

बापाचं तोंड उघडंच होतं. "डोकं फिरलं का तुझं?" तो म्हणाला. मग एकदम किंचाळला, "पाणीचोरांच्यात ओतलंस? माझं दूध?"

"तुम्हीही माझं ओतलंत," पोरगी म्हणाली.

तिने रिकामा कॅन त्याच्या पायांपाशी ठेवला, सायकल वळवली आणि ती निघाली. घराकडे नाही, शाळेच्या बाजूला, जिथे गणिताच्या बाई राहायच्या. अंगाला दुधाचा वास येत होता तरी कपडे बदलायला ती थांबली नाही. बापाने तिच्या नावाने हाक मारली. ती पेडल मारत होती तशीच मारत राहिली.

लॅक्टोला काय करावं सुचेना. मग त्याने जे रोज करायचं तेच केलं. मोठ्या कॅनमध्ये दांडा फिरवला, नमुना काढला, मशीनमध्ये घातला. आकडा आला तसा त्याने भुवया उचलल्या. "आज गल्लीला बरा भाव आहे," तो म्हणाला. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कोणी हसलं, कोणी नुसतीच बरणी झटकली. आभार मानायला तिथे कोणी आलं नव्हतं.

"आणि तुमचं?" लॅक्टोने गोठेवाल्याला विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं. "तुमचं दूध यातच गेलं. आता तुम्हाला गल्लीबरोबरच धरावं लागेल. नोंदीसाठी या रांगेत यावं लागेल."

गोठेवाल्याने लाल पट्ट्याचा कॅन उचलला. कंबर आखडली होती, त्यामुळे तो वाकडाच चालत आला. इस्त्रीवालीच्या पुढे थोडी जागा होती, तिथे तो शिरायला गेला.

इस्त्रीवालीने बरणी आडवी धरली. "मागे उभे राहा," ती म्हणाली. "रांग आहे."